पस्तीस अंशांपलीकडील लॅपटॉप

लॅपटॉप विकत घेतला म्हणजे खोक्यातून बारीक अक्षरांत छापलेली जी पत्रिका निघते आणि जी बहुधा खोक्याबरोबरच माळ्यावर जाऊन पडते, तिच्यात बऱ्याच निर्मात्यांनी एक अट नमूद करून ठेवलेली असते : हे यंत्र ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावे. ही अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादी वातानुकूलित कचेरी असेल, समशीतोष्ण प्रदेशातील एखादे घर असेल. वणी, पांढरकवडा, राळेगाव किंवा बाभुळगाव येथील मे महिन्यातील दुपार मात्र खचित नसावी. यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांच्या वर चढणे ही काही नवलाची वार्ता नव्हे, आणि नवतपाच्या दिवसांत टिनाच्या छपराखालील खोलीतली हवा तर बाहेरच्या हवेवरही ताण करते. याचा अर्थ असा की, वर्षातील निदान दोन-अडीच महिने, सकाळी अकरापासून दिवेलागणीपर्यंत, या जिल्ह्यातील कूलरविना चालणारा प्रत्येक लॅपटॉप त्याच्या निर्मात्याने आखून दिलेल्या हद्दीबाहेर राबत असतो. आणि मग मार्चअखेरचे हिशेब, पीकविम्याचे अर्ज किंवा सेतू केंद्रातील दाखले ऐन भरात असताना त्याचा पडदा एकाएकी काळा झाला, तर त्याबद्दल यंत्राला बोल लावण्यापूर्वी त्याची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल.

ती बाजू सहसा कोणी ऐकत नाही. लॅपटॉप आपोआप बंद पडू लागला की पहिला संशय व्हायरसवर, दुसरा विंडोजवर, आणि पहिला उपाय ‘फॉर्मॅट मारून घेणे’ हा ठरलेला असतो. फॉर्मॅट होतो, शंभर-दोनशे छायाचित्रे आणि एखादे वर्षाचे दप्तर त्यात कायमचे जाते, आणि चौथ्या दिवशी यंत्र पूर्ववत बंद पडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार आहे. कारण ज्याला आपण बिघाड म्हणतो, तो पुष्कळदा बिघाड नसून मोठा बिघाड टळावा म्हणून यंत्राने स्वतःच स्वतःवर बजावलेला हुकूम असतो. दुरुस्ती करू पाहणाऱ्याचे पहिले काम हा हुकूम कोणी आणि कशापायी दिला, हे शोधून काढणे हेच होय.

हुकूम देणारांत अग्रमान उष्णतेचा. लॅपटॉपच्या पोटातील प्रोसेसर हा सिलिकनचा एक लहानसा तुकडा असून काम चालू असता तो पंधरापासून पंचेचाळीस वॉटपर्यंत, आणि खेळांसाठी बनवलेल्या यंत्रांत त्याहूनही अधिक, वीज घेतो. ती सर्व वीज शेवटी उष्णतेतच रूपांतरित होते. एवढ्याशा जागेत निर्माण होणारी ही उष्णता बाहेर नेण्यासाठी प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याची एक चपटी, बंद नळी बसवलेली असते. तिला ‘हीट पाइप’ म्हणतात. ती भरीव तांब्याची पट्टी आहे असा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुतः ती पोकळ असून तिच्यातली हवा काढून टाकून आत किंचित पाणी कोंडलेले असते. दाब अत्यल्प असल्यामुळे हे पाणी थोड्याशा उष्णतेनेही उकळते, त्याची वाफ नळीच्या थंड टोकाकडे धावते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून झिरपत ते पुन्हा मूळ जागी येते. अमेरिकेतील लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ही नळी सिद्ध केली, आणि पुढे अंतराळयानांत वापरली गेलेली ही युक्ती आज दारव्ह्याच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातील लॅपटॉपमध्येही बिनबोभाट आपले काम करीत आहे. नळीच्या थंड टोकाशी धातूच्या पातळ पाकळ्यांची एक रांग असते आणि त्या पाकळ्यांतून एक छोटा पंखा हवा फेकत असतो.

या सर्व व्यवस्थेत एक गोष्ट मात्र कोणत्याही अभियंत्याच्या हाती नाही, ती म्हणजे आत येणाऱ्या हवेचे तापमान. प्रोसेसर आणि बाहेरची हवा यांच्यातील अंतर ठरावीक कामासाठी ढोबळमानाने तेवढेच राहते. त्यामुळे डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७५ अंशांवर निवांत काम करीत होता, तोच मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत तेच काम करताना ९५ च्या घरात जातो. बहुतेक प्रोसेसरांची सहनमर्यादा शंभर अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रोसेसर आधी आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि ‘लॅपटॉप फार हळू चालतो’ ही उन्हाळ्यातली सार्वत्रिक तक्रार त्यातूनच जन्मते. वेग कमी करूनही उष्णता आवरली नाही, तर तो कोणाचीही परवानगी न मागता वीज तोडून टाकतो. ही तरतूद किती मोलाची आहे हे २००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’ या परीक्षणसंस्थेने एका प्रयोगात दाखवून दिले होते. चालू संगणकांवरील थंडावा देणारे ठोकळे त्यांनी एकेक करून उचलले. इंटेलचा पेंटियम ४ केवळ मंदावला आणि काम करीत राहिला, पण त्या काळचा एएमडीचा अ‍ॅथलॉन, ज्याच्या पाठीशी अशी तत्पर संरक्षक योजना नव्हती, तो पाहता पाहता धूर सोडून भस्म झाला. आज आपला लॅपटॉप बंद पडतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होतो, हे त्या अ‍ॅथलॉनच्या वाट्याला न आलेले भाग्य समजावे.

यवतमाळात या उष्णतेला एक स्थानिक साथीदारही आहे. हा जिल्हा कापसाचा. वेचणीपासून जिनिंगचा हंगाम उलटेपर्यंत रुईचे सूक्ष्म तंतू हवेत तरंगत असतात, आणि ते केवळ जिनिंगच्या आवारातच असतात असे नाही. कापसाच्या गाड्या ज्या रस्त्याने जातात त्या रस्त्यावरील दुकानांत, ज्या घराच्या एका खोलीत भाव वाढण्याची वाट पाहत कापूस रचून ठेवलेला असतो त्या घराच्या बाकीच्या खोल्यांतही ते असतात. लॅपटॉपचा पंखा ही हवा दिवसभर आत ओढतो. धुळीचे सुटे कण पुष्कळसे पाकळ्यांमधून निघून जातात. पण तंतू आडवे अडकतात, त्यांत पुढचे तंतू गुंततात, आणि त्या जाळ्यात मग धूळ बसू लागते. असा एखाद्या जिनिंगच्या कचेरीतील लॅपटॉप उघडून पाहण्याजोगा असतो. खालचे स्क्रू काढून झाकण उचलले की प्रथमदर्शनी सारे स्वच्छच दिसते. पंखा सुटा करून बाजूला घेतला म्हणजे मात्र त्याच्या मुखापुढे, पाकळ्यांच्या आतल्या अंगाला, राखाडी-पांढऱ्या रंगाचा एक अखंड पट्टा चिकटलेला आढळतो. चिमट्याने एका टोकाला धरून उचलला तर तो न तुटता, घोड्याच्या खोगिराखालच्या नमद्यासारखा, सबंध सुटून येतो, आणि त्याच्यामागे तांब्याच्या पाकळ्या अगदी कोऱ्या, चकचकीत निघतात, कारण महिनोन्‌महिने त्यांच्यापर्यंत हवाच पोहोचलेली नसते. वणी-राजूरकडे हाच पट्टा काळा निघतो. तेथे कापसाच्या जोडीला दगडी कोळशाची पूड असते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा पट्टा आतल्या बाजूला बसतो. त्यामुळे बाहेरून जाळी पाहून ‘यात तर काही धूळ नाही’ असा निर्वाळा देणारा मनुष्य फसतो.

उष्णतेने बंद पडणाऱ्या यंत्राची लक्षणे ठरलेली असतात. बंद होण्यापूर्वी पंखा जोरजोराने घोंघावतो आणि तरी बाजूच्या जाळीतून येणारा झोत क्षीण असतो. कळफलकाच्या एका विशिष्ट बाजूला हात ठेववत नाही. सुरू केल्यापासून जवळपास तेवढ्याच वेळाने यंत्र बंद पडते, आणि लगेच पुन्हा सुरू केले तर पहिल्याहून लवकर पडते, पण रात्रभर ठेवून सकाळी सुरू केले तर तासभर सुरळीत चालते. एवढा मेळ बसला की पुढील तपासाचे बरेचसे श्रम वाचतात. पंखा आणि पाकळ्या स्वच्छ कराव्यात. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते काडीने अडवून धरावे, कारण वाऱ्याच्या झोताने ते मर्यादेबाहेर गरगरले तर त्याचा धारवा (बेअरिंग) झिजतो. यंत्र तीन-चार वर्षांचे झाले असेल तर प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांच्यामधील पेस्ट वाळून खडीसारखी झालेली असते. ती पुसून नवी लावून घ्यावी. हमीची मुदत शिल्लक असता स्वतः स्क्रूंना हात लावू नये, हे सांगणे नलगे. ही साफसफाई या जिल्ह्यात मार्च महिन्यात, म्हणजे वेचणी उलटून गेल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी, करून घेणे सर्वांत शहाणपणाचे. मे महिन्यात दुकानापुढे रांग असते.

कूलरविषयी येथे दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत, कारण विदर्भात तो घरोघर आहे आणि त्याविषयी समज-गैरसमजही तितकेच आहेत. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर खोलीचे तापमान दहा-बारा अंशांनी सहज उतरवू शकतो, आणि तेवढे अंश लॅपटॉपच्या दृष्टीने जीवन-मरणाचे ठरतात. म्हणून कूलरच्या खोलीत काम करावे. मात्र यंत्र कूलरच्या थेट तोंडासमोर ठेवू नये, कारण भिजलेल्या टट्ट्यांतून हवेबरोबर पाण्याचे तुषारही येतात आणि आपल्या विहिरी-बोअरच्या जड पाण्यातील क्षार ते वाळल्यावर मागे राहतात. नुसता टेबलफॅन लावून मात्र विशेष लाभ होत नाही. तो ४४ अंशांचीच हवा अधिक वेगाने आणून सोडतो. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून काम करण्याची जी सवय विद्यार्थ्यांत सार्वत्रिक झाली आहे, तिच्याबद्दल तर बोलावे तितके थोडे : खालून हवा घेण्याची छिद्रे कापसात बुडवायची आणि वर यंत्र तापते म्हणून कुरकुर करायची, हा न्याय कोणता?

उष्णतेनंतर विचार करावयाचा तो बॅटरीचा, आणि तिची तऱ्हा अधिक गूढ आहे. लिथियम-आयन बॅटरी प्रथम १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणली आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लॅपटॉपमध्ये अशा तीन घटांची माळ बहुधा असते. पूर्ण भरलेल्या माळेचा दाब १२.६ व्होल्ट असतो आणि तो ९ च्या आसपास उतरला की बॅटरीच्याच आतले एक नियंत्रक मंडल प्रवाह तोडते. नव्या बॅटरीत हा दाब हळूहळू उतरतो. परंतु वय आणि उष्णता यांनी बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढत जातो, आणि मग स्थिती अशी होते की साधे टंकलेखन चालू असता पडद्यावर ४० टक्के दिसत असतात, आणि एखादा मोठा व्हिडिओ किंवा जड तक्ता उघडताच प्रवाहाची मागणी एकदम वाढून दाब क्षणार्धात खाली कोसळतो. नियंत्रक मंडल वीज तोडते आणि चाळीस टक्के शिल्लक असल्याची ग्वाही देणारा लॅपटॉप निष्प्राण होतो. ‘चार्जिंग होते तरी बंद पडला’ ही तक्रार खरी असते आणि बॅटरीचा दोषही खरा असतो.

हे केवळ स्वस्त यंत्रांतच घडते असे कोणी समजू नये. अ‍ॅपल कंपनीचे आयफोन ६एस हे दूरध्वनी २०१६ साली असेच शिल्लक बॅटरी दाखवीत अकस्मात बंद पडू लागले होते. कंपनीने आधी काही संचांच्या बॅटऱ्या मोफत बदलून दिल्या, मग पुढच्या वर्षी आज्ञावलीतून दूरध्वनींचा वेग गुपचूप कमी केला, म्हणजे जुनी बॅटरी पेलू शकणार नाही एवढा प्रवाह मागितलाच जाऊ नये. आणि डिसेंबर २०१७ मध्ये ही गोष्ट उघड झाल्यावर माफी मागून बॅटरी बदलण्याचा दर एकदम उतरवला. उपाय अभियांत्रिकीच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. तो ग्राहकाला न सांगता केला, हा अपराध होता.

बॅटरीची खरी प्रकृती समजून घेण्याचा मार्ग विंडोजमध्येच आहे. ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून त्यात इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, एक मोकळी जागा, एक तिरपी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे लिहिले की यंत्र एक अहवाल तयार करते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे शेजारी-शेजारी दिलेले असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर बॅटरीला निवृत्त करण्याची वेळ झाली असे खुशाल समजावे.

बॅटरी संपूर्ण निकामी झाल्याची खूण तर आपल्याकडे अनायासेच मिळते. चार्जर लावलेला असताना घरातील दिवे नुसते मिणमिणले आणि त्याच क्षणी लॅपटॉप बंद पडला, तर तो बॅटरीवर नव्हे, केवळ चार्जरवर जगत होता. पंप सुरू झाल्यावर गावातील व्होल्टेज पडते आणि म्हणून लॅपटॉप बंद होतो, असे पुष्कळांचे मत आढळते; पण लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंतची वीज स्वीकारतो आणि हे त्याच्या पोटावरच छापलेले असते, तेव्हा केवळ कमी व्होल्टेजवर ठपका ठेवता येत नाही. खंडित होणारी वीज हे कारण असू शकते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीवरील बटण ‘यूपीएस’कडे आहे की दुसरीकडे, हे पाहावे, दुसऱ्या बाजूला असता वीज गेल्यावर इन्व्हर्टर जागा व्हायला थोडा अधिक काळ घेतो, आणि तेवढा अवकाश निकामी बॅटरीच्या लॅपटॉपला बंद पडायला पुरतो.

चार्जरची पिन, तिच्या खोबणीचा सैलपणा आणि बाजारात मिळणारे कमी वॉटचे चार्जर यांचा उल्लेख ओझरता केला तरी पुरे. ६५ वॉट मागणाऱ्या यंत्राला ४५ वॉटचा चार्जर लावला तर हलके काम निभते आणि जड कामात यंत्र दगा देते; पिन हलवताच चार्जिंगचा दिवा लागत-विझत असेल तर शोध तेथेच संपला.

तरीही कारण सापडले नाही तर रोजनामचा उघडावा. विंडोज प्रत्येक घटनेची नोंद ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये क्रमांक टाकून ठेवते, आणि ‘सिस्टिम’ या विभागात बंद पडल्याच्या वेळेपाशी पाहिले असता बराच उलगडा होतो. तेथे १०७४ हा क्रमांक असेल, तर यंत्र एखाद्या प्रोग्रामने किंवा अद्ययावतीकरणाने रीतसर बंद केलेले आहे, आणि त्या प्रोग्रामचे नावही शेजारी लिहिलेले सापडते. ४१ हा क्रमांक असेल आणि त्याच्या तपशिलात ‘बगचेककोड’पुढे शून्य असेल, तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज तुटली, मग दोष उष्णतेचा, बॅटरीचा, चार्जरचा किंवा मदरबोर्डचा असून फॉर्मॅट मारण्यात काही अर्थ नाही. त्याच ठिकाणी शून्याऐवजी दुसरा आकडा असला, तर निळा पडदा येऊन गेला असावा, आणि तेव्हा मात्र मेमरी किंवा एखादा ड्रायव्हर यांची चौकशी करावी. क्वचित ८६ क्रमांकाची नोंद आढळते. ती तापमानाने मर्यादा ओलांडल्याची स्पष्ट जबानीच होय. विंडोजवरील संशय पूर्णपणे दूर करावयाचा असेल, तर यंत्र सुरू होतानाच बायोसच्या पडद्यात शिरून ते तसेच अर्धा-पाऊण तास राहू द्यावे : तेथेही बंद पडले, तर विंडोज निर्दोष आहे, कारण ती तेव्हा सुरूच झालेली नसते.

एक चमत्कारिक प्रकारही सांगून टाकतो. झाकण मिटले आहे हे लॅपटॉपला कळते ते आत बसवलेल्या चुंबकाच्या संवेदकामुळे. म्हणून चुंबकाचे बटण असलेले मोबाईलचे पाकीट किंवा हातातील चुंबकीय कडे कळफलकाच्या कडेला आले, तर यंत्राला झाकण लागल्याचा भास होऊन ते निद्रिस्त होते. असा लॅपटॉप दुकानात नेला की हटकून व्यवस्थित चालतो, कारण कडे घालणारी व्यक्ती त्या वेळी त्यावर हात ठेवून बसलेली नसते.

मदरबोर्डवरील दोष हा शेवटी येणारा आणि घरच्या घरी न सुटणारा विषय आहे. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर आणि चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर, अशा दोन्ही रीतींनी थंड यंत्रही बंद पडत असेल, तरच त्याच्याकडे वळावे. बॅटरी फुगून कळफलक किंवा टचपॅड वर उचलले गेलेले दिसले, तर मात्र कोणताही प्रयोग न करता यंत्र ताबडतोब बंद करून चार्जरपासून वेगळे करावे. ती बॅटरी टोचू, दाबू अथवा कचऱ्यात टाकू नये.

यवतमाळच्या दत्त चौकात असो की पुसद-उमरखेडच्या बाजारात, लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्यापूर्वी महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात आणि एका कागदावर चार गोष्टी लिहून कारागिराच्या हाती द्याव्यात : यंत्र किती वेळाने बंद पडते, तेव्हा चार्जर लावलेला होता काय, पंखा घोंघावत होता काय, आणि रोजनामच्यात कोणता क्रमांक सापडला. आणि पहिल्याच भेटीत ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल मिळाला, तर खर्चाला होकार देण्यापूर्वी पंखा आपल्यासमोर उघडून दाखवावा, एवढा आग्रह ग्राहकाने अवश्य धरावा.